चमचाभर दूध आणि नीती

२१ सप्टेंबर १९९५ रोजी घाटकोपरच्या एका देवळाबाहेर दुधाचा चमचा घेऊन मीही रांगेत उभा होतो. गणपती दूध ‘पितो’ तो पृष्ठताण आणि केशाकर्षणामुळे, हा शास्त्रज्ञांचा खुलासा मला पटला. तरी घरची सांजवात चुकली नाही. चमत्कार गेला, देव राहिला.

डॉ. श्रीराम लागूंना देवच निवृत्त व्हायला हवा होता. नरेंद्र दाभोलकरांनी मात्र देवाबाबत तटस्थ राहून शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला विरोध केला. ही भूमिका मला बोटचेपी वाटत नाही. पण शोषण कशाला म्हणायचे, हे कोण ठरवणार? दूध कुठे गेले ते विज्ञान सांगते. कोणाच्या मुखी जायला हवे होते, ते सांगत नाही. देवाची आज्ञा म्हणावी, तर ती सांगणारा माणूसच.

इथे आगरकरांकडे वळावे लागते: नीतीला ईश्वराचा टेकू लागत नाही. आस्तिकाने एवढे मानले, तर विज्ञानाशी त्याचे भांडण उरत नाही.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्या संध्याकाळीही मी देवापुढे दिवा लावला. पण हे पाप की पुण्य, असे त्याला विचारले नाही. ते मला ठाऊक होते.