लिहिलेला चौक, टांगलेला चौक

मुंबईतल्या एका कलादालनात वारली चित्रांचे प्रदर्शन पाहिले. शेण, गेरू, तांदळाचे पीठ या नैसर्गिक द्रव्यांचे कौतुक पाटीपाटीवर होते. ते रास्तही आहे. मात्र या द्रव्यांचा मुख्य गुण काचेआड दिसेनासा होतो, असे माझे मत झाले.

वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक सवासिनी काढतात. त्यांच्या भाषेत 'लिहितात'. कुडाची भिंत शेणामातीने सारवून त्यावर गेरू द्यायचा आणि टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने पिठाच्या पाण्यात रेघा ओढायच्या. चौकात पालघट देवी येते, धवलेरी गाते, लग्न लागते. पुढे धूर, ओल आणि नवे सारवण ते चित्र पोटात घेतात. पुढच्या लग्नाला पुन्हा लिहायचे, हे त्या पिठातच ठरलेले असते.

सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णींनी डहाणू भागात कागद नेला. जिव्या सोमा म्हसे यांनी त्यावर जे केले, ते भिंतीवर कदाचित झालेच नसते. त्यांची मासेमारीची जाळी पाहावीत : सगळा कागद बारीक रेघांनी थरथरतो. त्यामुळे कागदाविरुद्ध माझी तक्रार नाही.

२००३ साली ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात म्हसे आणि ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांचे एकत्र प्रदर्शन झाले. लाँग अनेकदा दालनाच्या भिंतीवरच हाताने चिखल लावतो. प्रदर्शन संपले की भिंत पुन्हा रंगवली जाते. पुसले जाणे हा त्याच्या कलेचा विचार मानला जातो. ज्यांच्याकडे हा विचार पिढ्यान्‌पिढ्या होता, त्यांना मात्र टिकाऊ व्हावे लागले. कारण उघड आहे : लाँगला नावाचा आधार आहे, वारली चित्रकाराचे घर कॅनव्हास विकून चालते, म्हणून पिठात डिंक येतो. त्या डिंकाला नावे ठेवण्याचा अधिकार शहरी रसिकाला नाही. पण पाटीवर 'नैसर्गिक' लिहिणाऱ्यांनी डिंकाचाही उल्लेख करावा.

टिकणाऱ्या चित्राला सहीही लागते. भिंतीवरच्या चौकाला ती नसे. या दालनात देवचौकाची तीन चित्रे होती. तिन्हींखाली पुरुषांची नावे होती.