गंगूबाईने मागितलं एक, कायद्यात अडकलंय दुसरंच

‘गंगूबाई काठियावाडी’ २०२२च्या फेब्रुवारीत आला, तेव्हा थिएटरात पाहिला होता. आझाद मैदानावरच्या भाषणाला मीही टाळ्या वाजवल्या. परवा मोबाइलवर पुन्हा पाहताना मात्र पंतप्रधानांच्या भेटीपाशी अडखळलो. गंगूबाई तिथे मागते काय, तर वेश्याव्यवसायाला कायदेशीर मान्यता. भन्साळींनी प्रसंग असा रचलाय, जणू एक बटण दाबलं की सगळं बेकायदेशीर ते कायदेशीर होईल. मी सॉफ्टवेअरवाला. एका बटणावर काहीच सुटत नाही, हे रोज बघतो. म्हणून १९५६चा अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा उघडून वाचला.

सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने देहविक्री करणं, एवढ्यालाच हा कायदा गुन्हा म्हणत नाही. गुन्हा आहे तो तिच्या आजूबाजूच्या जवळपास सगळ्याला. कलम २ प्रमाणे दोघींनी एकमेकींच्या फायद्यासाठी एक खोली या कामाला वापरली, तरी तो कुंटणखाना. म्हणजे सोबतीने, सुरक्षित राहून काम करायची सोय संपली. कलम ८ प्रमाणे रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं गुन्हा. आणि कलम ४ प्रमाणे तिच्या कमाईवर जगणारी अठरा वर्षांवरची कुणीही व्यक्ती गुन्हेगार. तिच्यासोबत राहत असाल, तर तिच्याच पैशांवर जगता असं गृहीत धरलं जातं. तसं नाही, हे तुम्ही सिद्ध करायचं.

आता सिनेमा आठवा. गंगूबाई वस्तीतल्या मुलींना शाळेत घालायला धडपडते. त्यातली एखादी अठरा ओलांडून आईच्या पैशांवर कॉलेजात गेली, तर कायद्याच्या शब्दांनुसार तीच अडकू शकते. एवढं मोठं नाट्य कायद्यातच पडलेलं असताना सिनेमा भाषणावर भागवतो. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

दुसरी तक्रार मागणीबद्दल. मान्यता म्हटलं की परवाना आला, नेमलेली वस्ती आली, सक्तीच्या तपासण्या आल्या. पोलिसाच्या जागी परवाना देणारा बाबू येणार. सांगलीच्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेतल्या बायका स्वतःच संघटित झाल्यात. त्यांची मागणी परवान्याची नाही, आम्हाला गुन्हेगार ठरवणारी कलमं काढा अशी आहे. २००६च्या दुरुस्ती विधेयकात कलम ८ काढायचं होतं, पण सोबत कुंटणखान्यात येणाऱ्या गिऱ्हाइकाला शिक्षेची तरतूदही होती. गिऱ्हाईक लपून यायला लागलं की बाईलाही आडोशाला जावं लागतं, आणि तिथे मदतीला कुणी नसतं. २००९मध्ये लोकसभेबरोबर ते विधेयकही संपलं.

मग जबरदस्तीचं काय? सिनेमाचा पहिला भाग इथेच भक्कम आहे. प्रियकरच गंगाला विकतो, आणि आलिया भट ती भीती अंगावर आणते. फसवून आणलेल्या मुलींसाठी, अल्पवयीनांसाठी कायदा कडकच हवा. पण विकणाऱ्यासाठीची कलमं आणि दोघींनी घेतलेल्या खोलीसाठीची कलमं एकाच पिशवीत कोंबली, की धाडीत सापडते ती बाईच.

सिनेमानंतर तीनच महिन्यांनी, १९ मे २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने एक आदेश दिला. त्यात टाळ्या घेणारं काही नाही. कंडोम सापडला म्हणून तो पुरावा धरायचा नाही. सुधारगृहांची पाहणी करून मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांना सोडण्याची कारवाई करायची. पत्त्याचा पुरावा नसला, तरी नॅको किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर आधार कार्ड द्यायचं, आणि त्यावर व्यवसाय कळेल अशी खूण ठेवायची नाही.

हे शेवटचं मला लागलं. नोकरीत मी केवायसीचे फॉर्म बनवतो. ‘पत्त्याचा पुरावा’ या रकान्यापुढे लाल चांदणी मीच लावलीय, ती भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. खोलीची भाडेपावती कधीच न मिळालेली बाई तिथेच थांबत असेल, हे डोक्यातही आलं नव्हतं. तिला आधार नाही, म्हणून खातं नाही, म्हणून बचत मालकिणीकडे. धंदा सोडायचा म्हटलं तरी हातात काय?

सिनेमा जरूर बघा, आलियासाठी तर नक्कीच. पण टाळ्या वाजवून झाल्या, की कायदाही वाचा. छोटासाच आहे. पुढची दुरुस्ती येईल तेव्हा भाषण कोणी केलं ते विचारू नका, कलम २, ४ आणि ८चं काय केलं ते विचारा.