पंचहौद : इतिहासातून निसटलेला प्याला

पुण्याच्या गुरुवार पेठेतील पवित्र नाम देवालय हे अँग्लिकन ख्रिस्ती परंपरेचे महाराष्ट्रातील एक मानाचे मंदिर. पेठेचे जुने नाव वेताळ पेठ. परिसर मात्र पाण्याच्या पाच हौदांवरून पंचहौद म्हणूनच ओळखला जातो. १८८५ साली उभ्या राहिलेल्या या देवालयाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. तथापि त्या लेखनाने देवालयाला पुरता न्याय दिला आहे, असे आम्हांस वाटत नाही.

हे लेखन मुख्यतः दोन प्रकारचे आहे. पहिला प्रकार वास्तूचे वर्णन करणारांचा. सुमारे १३० फूट उंचीचा, इटलीतील घंटामनोऱ्यांची आठवण करून देणारा मनोरा आणि त्यातील आठ घंटा यांचे त्यांना कौतुक. इंग्लंडमधील काउली येथे १८६६ साली स्थापन झालेल्या संत योहानाच्या संघाचे धर्मगुरू आणि १८७७ साली पुण्यात आलेल्या वाँटेजच्या धर्मभगिनी यांच्या सेवेचाही ते आदराने उल्लेख करतात. हे सर्व खरे व गौरवास्पद आहे. परंतु अशा वर्णनात मंदिर दिसते, मंदिरातली माणसे दिसत नाहीत.

दुसरा प्रकार राजकीय इतिहासकारांचा. त्यांच्या लेखी पंचहौद म्हणजे चहाचा एक पेला. ऑक्टोबर १८९० मध्ये गोपाळराव जोशी यांच्या पुढाकाराने पुण्यातील प्रतिष्ठित मंडळी येथील मिशनमध्ये जमली आणि त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. पुढे ‘पुणे वैभव’ पत्रात उपस्थितांची नावे झळकली, ग्रामण्य उभे राहिले आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. लोकमान्य टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सुधारक मंडळी हळहळली. ही कथा सांगताना आमच्या लेखकांची लेखणी रंगते. कोणी घोट घेतला, कोणी नुसता पेला हाती धरला, याचा ऊहापोह होतो. ज्यांच्या अंगणात हा चहा दिला गेला, त्या यजमानांविषयी मात्र एक वाक्यही सापडत नाही. ते जणू रंगमंचावरचे सामान!

आमचा मुख्य आक्षेप येथेच आहे. अंगणातील पेल्याने शहर ढवळून निघाले, त्याच आवारातल्या मंदिरात वेदीवरून दुसरा प्याला फिरत होता. कॅथलिक ख्रिस्तसभेत त्या काळी प्रापंचिकांना केवळ ख्रिस्तशरीर दिले जाई. अँग्लिकन उपासनेत मात्र पवित्र द्राक्षारसाचा एकच प्याला सर्व भाविकांच्या ओठी लागे. सोवळ्या-ओवळ्याच्या पुण्यात याचा अर्थ काय होता, हे सांगावयास हवे काय? शेजारच्या गंज पेठेत महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपला हौद अस्पृश्यांना खुला केला होता. हौद आणि प्याला ही दोन्ही एकाच प्रश्नाची उत्तरे होत. एकाच कालखंडात, हाकेच्या अंतरावर घडलेल्या या गोष्टी इतिहासकारांनी एकत्र मांडावयास हव्या होत्या.

त्याच इतिहासात फादर नीळकंठशास्त्री नेहेम्या गोरे (१८२५–१८९५) यांचेही स्थान आहे. काशीच्या विद्वत्परंपरेत वाढलेल्या या चित्पावन पंडिताने १८४८ साली बाप्तिस्मा घेतला. १८७० साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. काउलीच्या संघाशी त्यांचा निकटचा संबंध होता. पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेच्या वाटचालीवरही त्यांच्या विचारांचा ठसा आहे. मात्र गोऱ्यांची पाने भरभरून लिहावयाची आणि त्याच प्याल्याला ओठ लावणाऱ्या सामान्य भाविकास एकही ओळ द्यावयाची नाही, हे जुन्या उतरंडीचेच नवे रूप झाले.

हे मंदिर आपल्या ख्रिस्तसभेचे नव्हे, मग गोंदियातील कॅथलिक कुटुंबांनी त्याचा विचार का करावा, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे. १९६४ सालच्या ख्रिस्ती ऐक्याविषयीच्या आज्ञापत्रात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अँग्लिकन बंधूंना विशेष स्थान दिले आहे. शिवाय २९ नोव्हेंबर १९७० रोजी अँग्लिकन आणि अन्य पंथ एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले, ते आपल्याच नागपुरात, ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये. पंचहौदचे देवालय आज त्याच चर्चमध्ये आहे.

आणि प्याल्याचा प्रश्न आपलाही आहे. २०१६ साली भारतीय बिशप परिषदेला दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध करावे लागले, ते जातिभेद चर्चच्या उंबरठ्याबाहेर राहिला नाही म्हणूनच. वेदीपुढे एक होणारे भाविक सोयरीक जुळविताना व दफनभूमीत एक राहतात काय, ही प्रत्येक मंदिराच्या इतिहासाची खरी कसोटी होय. मनोऱ्याची उंची त्यानंतर.

धर्मग्रामांच्या महोत्सवी स्मरणिका लिहिणारांना आमची विनंती आहे की, कोनशिलेवरील नावांपाशी थांबू नका. बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या व दफनाच्या नोंदवह्या उघडा. आचारी, घंटा वाजविणारा, मुलांना प्रार्थना शिकविणारी बाई यांना विचारा. आजी-आजोबा हयात आहेत तोवर त्यांचे बोलणे लिहून घ्या. पंचहौदच्या बाबतीत जे राहून गेले, ते आपल्या गावी तरी राहू नये.