आवृत्तिक्रमांक आणि गुणवत्ता : डॉसच्या आवृत्त्यांच्या तुलनेची चिकित्सा

प्रस्तावना

आय.बी.एम.च्या १९८१ मधील वैयक्तिक संगणकापासून १९९४ मधील एम.एस.-डॉस ६.२२ पर्यंतचा काळ हा डॉस या कार्यप्रणालीचा मुख्य विकासकाळ होय. संगणकाच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकांतून या काळाची मांडणी बहुधा 'आवृत्ती, वर्ष, नवीन सोयी' अशा कोष्टकाने केली जाते. ही पद्धत पाठांतरास सोयीची असली, तरी तुलनेस अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विवेचन

कोष्टकातील पहिला दोष म्हणजे कारणांचा लोप. आवृत्ती १.० ही १६० किलोबाइटच्या फ्लॉपीसाठी होती. तीवर ६४ फाइलींच्याच नोंदी मावत, म्हणून उपनिर्देशिकांची उणीव जाणवत नसे. १९८३ मध्ये पी.सी. एक्स.टी.बरोबर १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली आणि आवृत्ती २.० ला वृक्षरचना स्वीकारावी लागली. १९८४ ची ३.० ही पी.सी. ए.टी.च्या १.२ मेगाबाइट फ्लॉपीसाठी आली. म्हणजे या टप्प्यावर बदलाची निकड यंत्रसामग्रीने निर्माण केली. मात्र वृक्षरचनेसाठी युनिक्सचा आदर्श घेणे हा रचनाकारांचा निर्णय होता, हेही मान्य केले पाहिजे.

दुसरा दोष असा की, कोष्टकात प्रत्येक पुढची आवृत्ती आपोआप श्रेष्ठ ठरते. १९८८ च्या ४.० आवृत्तीने ३२ मेगाबाइटची विभाजनमर्यादा ओलांडली. ही मर्यादा सोळा बिटांच्या सेक्टर-गणनेतून (६५,५३६ × ५१२ बाइट) आलेली होती. परंतु ही आवृत्ती अधिक स्मृती व्यापत असे व तीत दोषही होते. त्यामुळे अनेकांनी ३.३ वापरणेच पसंत केले. उपयोजनांसाठी ६४० किलोबाइटच उपलब्ध असताना सोयीची खरी किंमत स्मृतीतच मोजावी लागे.

तिसरा दोष स्पर्धेविषयीच्या मौनाचा आहे. डिजिटल रिसर्चच्या डी.आर.-डॉसने ३.४१ नंतर थेट ५.० हा क्रमांक घेतला (१९९०) आणि स्मृतिव्यवस्थापनात आघाडी मिळवली. एम.एस.-डॉस ५.० त्यानंतर १९९१ मध्ये आले. तेव्हा दोन कंपन्यांचे समान क्रमांक समान प्रगतीचे निदर्शक मानता येत नाहीत. १९९३ च्या ६.० मधील डिस्क-संकोचनाची सोयही डी.आर.-डॉस ६.० मध्ये आधीच होती. शिवाय तिच्यावरून स्टॅक कंपनीने भरलेल्या दाव्यात १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्ध १२ कोटी डॉलरचा निर्णय झाला.

येथे असा आक्षेप संभवतो की, अखेर बाजारानेच गुणवत्तेचा निवाडा केला. तथापि प्रारंभी पी.सी.-डॉस ४० डॉलरला, तर सी.पी./एम.-८६ हे २४० डॉलरला विकले जात होते. हा निवाडा केवळ गुणांचा होता, असे म्हणणे कठीण आहे.

निष्कर्ष

सारांश, डॉसच्या आवृत्त्यांची तुलना यंत्रसामग्री, स्मृतीचा व्यय, स्पर्धा व किंमत या चार निकषांवर व्हावयास हवी. डॉसच्या काही आरंभीच्या आवृत्त्यांचा व ४.० चा मूळ संकेत अनुक्रमे २०१८ व २०२४ मध्ये मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाला आहे. त्यामुळे कोष्टक पाठ करून घेण्याऐवजी विद्यार्थ्यांपुढे मूळ साधनच ठेवणे आता अध्यापकांना शक्य आहे. तसे न केल्यास आपण इतिहासाऐवजी विक्रेत्याची जाहिरातच शिकवत राहू.