सायक्सचे मासे आणि भीमेची बोली

कर्नल विल्यम हेन्री सायक्स यांनी दख्खनच्या माशांवरील आपला निबंध 1838 साली लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे मांडला. भीमेच्या खोऱ्यातील माशांचा कोणताही अभ्यास आजही या निबंधापासून सुरू होतो. त्यामुळे तो संदर्भ म्हणून सतत चाळला जातो. ग्रंथ म्हणून मात्र क्वचितच वाचला जातो.

वाचताना प्रथम जाणवतात ती नावे. टॉर खुद्री, मिस्टस सींगटी, गारा मुल्या ही आजची शास्त्रीय नावे. त्यांतील खुद्री, शिंगटी, मळ्या हे शब्द सायक्स यांनी नदीकाठच्या बोलीतून उचलले. लॅटिनच्या कोंदणात मराठी शब्द जपले गेले, हे या निबंधाचे ऋण मान्य करायलाच हवे. पण त्याच निबंधात माणसांची नावे लाभलेले मासेही आहेत : व्हिगर्स, ओगिल्बी, यॅरेल. हे सारे लंडनच्या प्राणिशास्त्र वर्तुळातले. ज्या भोयाने जाळे टाकून मासा वर काढला, त्याचे नाव एकाही माशाला मिळाले नाही. शब्द घेतला, सांगणारा वगळला.

दुसरा गुण स्थळांचा. खुद्रीचे स्थळ सायक्स पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवरची मुळा-मुठा असे देतात. ओगिल्बीच्या नावाच्या माशाचे, भीमेवरचे पैरगाव. नदीत मासा कुठेही राहत नाही. मळ्या ओठाखालच्या चकतीने खडकाला चिकटून वाहत्या पाण्यात तग धरतो. म्हशीर जातीच्या खुद्रीला खळखळते पाणीही लागते आणि खोल डोहही. मासा कोणता, याइतकेच तो कुठला, याला महत्त्व आहे.

पुढच्या याद्यांत हा धागा सैल होतो. फ्रेझर यांची पुण्याच्या माशांची यादी 1942 सालची. त्यानंतरही अनेक झाल्या. त्या नसत्या तर काय गमावले हे कळलेच नसते. परंतु जातींची नुसती बेरीज फसवी असते. गंगेच्या खोऱ्यातून आणून सोडलेले रोहू-कटला आणि आफ्रिकेतून आलेली चिलापी यादीत एकेक आकडा वाढवतात. खडक गाळाखाली गेला आणि मळ्या हटला, तरी बेरीज तशीच राहू शकते. वैविध्य टिकले, असे यादी म्हणेल. नदी म्हणणार नाही.

याचे कडू उदाहरण कावेरीत सापडते. लोणावळ्याच्या केंद्रात वाढवलेली खुद्रीची पिल्ले संवर्धनाच्या सद्हेतूने दूरदूरच्या नद्यांत सोडली गेली. कावेरीत तिथल्या मूळच्या कुबडाच्या म्हशीरची जागा या पाहुण्याने व्यापली, असे अभ्यासक सांगतात. त्या म्हशीरची ओळख टॉर रेमादेवी अशी 2018 साली पटली, तोवर तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर पोचला होता. पुण्याजवळच्या पाण्यात नाव मिळालेला मासा परक्या नदीत आक्रमक ठरला. कारण ‘कोणता’ हे पाहिले गेले, ‘कुठला’ हे विसरले गेले.

म्हणून सायक्स पुन्हा वाचायचे ते गौरवासाठी नव्हे. त्यांनी नावाशेजारी जागा लिहिली, ती सवय घ्यावी; आणि त्यांनी सोडलेला सांगणारा आपल्या नोंदीत आणावा. भोयांच्या तोंडून ‘खुद्री’ हा शब्द गेला, तर तो केवळ लॅटिनमध्ये उरेल, आणि तिथे त्याचा अर्थ कोणालाच कळणार नाही.