मामांचा गोतावळा

गेल्या गणेशोत्सवात आमच्या कॉलनीत एका वक्त्यांनी जगातल्या झाडून सगळ्या भाषा संस्कृतातून काढून दाखवल्या. इंग्रजांची 'ममा' त्यांनी 'माता'वरून आणली आणि चिन्यांची 'मामा'ही तिच्याच पदराला बांधली, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. घरी आल्यावर मात्र मन खाऊ लागलं.

कारण मला जॉर्जिया आठवला. (कॉकेशसमधला; अमेरिकेतला नव्हे.) तिथे 'मामा' म्हणजे चक्क बाप! आई म्हणजे 'डेडा'. त्बिलिसीच्या टेकडीवर १९५८ साली उभारलेली २० मीटर उंचीची बाई आहे. एका हातात वाइनचा वाडगा, दुसऱ्यात तलवार. ती 'कार्तलिस डेडा', म्हणजे कार्तलीची आई. ऑस्ट्रेलियातल्या पित्जंत्जत्जारा आदिवासींच्या भाषेतही (नाव एका दमात म्हणून पाहा) मामा म्हणजे बापच. तमिळमध्ये मामा आपल्यासारखाच आईचा भाऊ, पण सासराही तोच. मामाच्या मुलीशी लग्न केल्यावर दुसरं काय होणार? आणि आपल्याकडे तर चांदोमामा, शकुनीमामा, चौकातले हवालदारमामा, शिवाय ज्याला बनवतात तोही मामाच.

याचा उलगडा १९६०च्या सुमारास रोमन याकोबसन या भाषापंडितांनी केला. तोंड दुधात गुंतलेलं असताना बाळाला नाकातून काढता येतो तो आवाज 'म्'चा. मग जवळ असेल त्या मोठ्या माणसाने तो आपल्या नावे जमा करून घ्यायचा. बहुतेक ठिकाणी आई आधी पोचली, जॉर्जियात बाप.

एकदा मी एका कुलकर्ण्यांचे पैसे दुसऱ्याच कुलकर्ण्यांच्या खात्यात टाकले होते. नाव एक, वडिलांचं आद्याक्षरसुद्धा एक! तेव्हापासून एका नोंदीवर माझा विश्वास नाही, सगळं खातं जुळायला हवं. पितृ–फादर, पाद–फूट, पंच–फाइव्ह: आपल्या 'प'समोर दरवेळी त्यांचा 'फ'. परीकथावाल्या ग्रिम बंधूंपैकी थोरल्या याकोबने १८२२ साली हा नियम नीट मांडला. हे नातं खरं. फक्त त्यात संस्कृत ही इंग्रजीची आई ठरत नाही, फार तर मावशी. खरं नवल हेच होतं, आणि आमच्या वक्त्यांनी त्याला हातही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना गाठून मी जॉर्जियाचं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "अहो साहेब, मग ते लोक चुकीचं बोलत असतील."