ताट आणि पाट : उतारवयातील स्थलांतर आणि तीन कथा

निवृत्त झालेल्या माणसापुढे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला चरितार्थाचा. निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि गाठीची बचत यांचा मेळ घालून त्याचे उत्तर कसेबसे काढता येते. यापुढे राहायचे कोठे, हा दुसरा प्रश्न हिशेबाने सुटत नाही. वसईच्या वाड्यांतून कॅनडा-ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मुलांचे आईवडील आज याच प्रश्नापाशी अडखळले आहेत. मुले बोलावतात, घर सोडवत नाही. जावे की राहावे, एवढ्यावरच मग घरोघरी चर्चा अडते. मराठी रंगभूमीवरील दोन गाजलेली नाटके आणि जुन्या करारातील एक छोटी कथा शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर हा प्रश्न आपण चुकीच्या ठिकाणी धरला आहे की काय, अशी शंका येऊ लागते.

वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ २३ डिसेंबर १९७० रोजी रंगभूमीवर आले आणि १९७४ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. निवृत्तीच्या क्षणी गणपतराव बेलवलकर आपली सारी मिळकत मुलगा व मुलगी यांना वाटून टाकतात आणि पत्नी कावेरीसह प्रथम मुलाकडे, नंतर मुलीकडे राहावयास जातात. आजोबांच्या बोलण्याचे वळण नातीला लागते, हे मुलाच्या घरात खपत नाही. मुलीच्या घरी तर चोरीचा आळ येतो. पुढे कावेरी जाते आणि हा सम्राट रस्त्यावर येतो. ‘किंग लिअर’शी असलेले या नाटकाचे नाते सर्वपरिचित आहे. मुलांच्या कृतघ्नतेची शोकांतिका म्हणूनच ते बहुधा पाहिले जाते, आणि प्रेक्षागृहातून बाहेर पडणारा प्रत्येक जण मुलांना दोष देत घरी जातो.

परंतु हे वाचन अपुरे आहे. भरले ताट द्यावे, बसायचा पाट देऊ नये, ही आपल्याकडची जुनी म्हण. कावेरीचा व्यवहारी शहाणपणा नेमका याच म्हणीच्या अंगाने जातो, आणि अप्पासाहेब तो ऐकत नाहीत. प्रेमाला अट घालणे त्यांना हिणकस वाटते. त्यांचे औदार्य खरे आहे, पण त्यात नटाचा थोडा अभिनिवेशही आहे. दान देतानाही ते रंगमंचावरून खाली उतरलेले नाहीत. शिवाय कावेरीच्या उरलेल्या आयुष्याचा निर्णयही ते एकटेच घेऊन मोकळे होतात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या कायद्यात, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास परत मिळवण्याची तरतूद आहे. अप्पांनी अटच घातली नसती, म्हणून आजच्या कायद्यापुढेही त्यांची बाजू लंगडी ठरली असती. त्यांचे खरे नुकसान मात्र मिळकतीचे नाही. कोठे राहायचे हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी ताटाबरोबर देऊन टाकला. यापुढे ते ज्या घरात जातील तेथे पाहुणेच असतील.

मग राहते घर न सोडणे हेच शहाणपणाचे, असे म्हणावे काय? जयवंत दळवी यांचे ‘संध्याछाया’ हे १९७० च्या दशकातील नाटक या समजुतीला छेद देते. नाना आणि नानी आपल्याच घरात आहेत. त्यांना कोणी बाहेर काढलेले नाही की त्यांचा कोणी अपमान केलेला नाही. एक मुलगा अमेरिकेत स्थायिक होतो, दुसरा संरक्षणदलात असताना प्राण गमावतो. दोघांचे सारे बोलणे अनुपस्थित माणसांभोवती फिरत राहते, आणि अखेर ती दोघे आपले जीवन आपल्या हाताने संपवण्याच्या निर्णयाशी येतात. येथे पाट शाबूत आहे, पण ताट वाढावे असे पंक्तीला कोणी उरलेले नाही.

या शेवटापाशी ख्रिस्ती वाचक थबकतो. जीवन हे देवाचे दान आहे, ते परत करण्याची वेळ आपण ठरवायची नसते, ही आपली श्रद्धा आहे. तरीही नाना-नानींना दोष देऊन नाटक मिटवता येत नाही. दळवींनी येथे खलनायक ठेवलेला नाही, आणि हेच या नाटकाचे बळ. ‘नटसम्राट’मध्ये आपल्याला सून, जावई, मुलगी यांच्यावर रागवता येते. ‘संध्याछाया’त रागवायला कोणी सापडत नाही, म्हणून तो राग आपल्याकडेच वळतो. आपल्या धर्मग्रामात असे एखादे घर असेल, तर रविवारच्या मिस्सेनंतर त्या दारावर थाप मारणारे कोण, असा प्रश्न हे नाटक न विचारता विचारते. तेवढ्यापुरते मला ते ‘नटसम्राट’हून अधिक निर्दय आणि अधिक खरे वाटते.

या दोन शोकांतिकांच्या पार्श्वभूमीवर शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील एकोणिसाव्या अध्यायात येणारी बर्जिल्लयची कथा वाचावी. अबशालोमाच्या बंडामुळे दावीद राजा यार्देनपलीकडे महनाइम येथे आश्रयाला आला, तेव्हा त्याला अंथरुणे, भांडी, गहू, जव, मसूर, मध अशी सामग्री पोचवणाऱ्यांत गिलादचा हा श्रीमंत वृद्ध होता. बंड मोडल्यावर राजा त्याला यरुशलेमेस नेऊ पाहतो, तेथे सांभाळीन म्हणतो. बर्जिल्लयचे वय ऐंशी वर्षांचे. तो नम्रपणे नकार देतो. अन्नाची चव कळत नाही, गाणे ऐकू येत नाही, मी राजाला ओझे का व्हावे, असा त्याचा सूर आहे. आईवडिलांच्या कबरीजवळ, आपल्या गावी मरण यावे, एवढीच त्याची इच्छा. पण या नकाराबरोबर तो दोन गोष्टी करतो. राजासोबत नदी ओलांडून थोडे अंतर जातो, आणि किम्हामला आपल्या जागी पुढे पाठवतो. राजा त्याचे चुंबन घेतो, त्याला आशीर्वाद देतो आणि म्हातारा आपल्या घरी परततो.

अवघ्या नऊ ओव्यांच्या या प्रसंगात निवेदक भावनेचे प्रदर्शन करीत नाही. निर्णय वृद्धाचा आहे, कारणे त्याने स्वतः सांगितली आहेत आणि राजा ती मान्य करतो. बर्जिल्लयने ताट दिले, पाट राखला. शिवाय ज्या नगरात तो स्वतः जाणार नाही, तेथे त्याने आपले माणूस धाडले. धागा तुटला नाही. राजांच्या पहिल्या पुस्तकात मरणोन्मुख दावीद शलमोनाला सांगतो, की बर्जिल्लयच्या मुलांना तुझ्या पंक्तीला बसव. कधी काळी दिलेले ताट अशा रीतीने घरी परतते.

यावरून पवित्र शास्त्राचा कौल राहण्याच्या बाजूने आहे, असे मात्र समजू नये. उत्पत्तीच्या पुस्तकातील याकोब उतारवयात योसेफाकडे मिसर देशी जातो आणि फारोपुढे उभा राहतो तेव्हा एकशे तीस वर्षांचा असतो. तेथे तो सतरा वर्षे जगतो. मृत्यू जवळ येताच मात्र तो योसेफाकडून शपथ घेतो, की मला येथे पुरू नये, पूर्वजांच्या कबरीत न्यावे. देश सोडूनही शेवटची जागा ठरवण्याचा हक्क त्याने आपल्या हाती ठेवला. बर्जिल्लय राहिला, याकोब गेला, आणि दोघांचेही बरोबर ठरले.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ साली वृद्धांना उद्देशून पत्र लिहिले. वृद्धांनी कुटुंबात राहावे हा आदर्श त्यांनी त्यात सांगितला, आणि काही परिस्थितीत वृद्धाश्रमाची वाट योग्य असू शकते हेही मोकळेपणाने मान्य केले. ख्रिस्तसभेची ही भूमिका वरील कथांशी जुळणारी आहे. एकच वाट सर्वांवर लादलेली नाही.

म्हणून मुलाने विमानाचे तिकीट पाठवले असेल, अथवा वाडी विकून गाळा घेण्याचा विषय निघाला असेल, तर त्या घरात आधी तीन गोष्टी विचारल्या जाव्यात. हा निर्णय ज्यांना तेथे राहायचे आहे त्यांनीच घेतला आहे काय? पतीबरोबर पत्नीलाही विचारले आहे काय? आणि जायचे असो वा राहायचे, दुसऱ्या तीराशी धागा कोणाच्या हाती राहणार आहे? अप्पासाहेबांनी यांतला एकही प्रश्न स्वतःला विचारला नाही. नाना-नानींच्या बाबतीत तिसऱ्याला उत्तरच उरले नव्हते. बर्जिल्लयजवळ ते होते, कारण नकार देतानाही तो राजाबरोबर नदी ओलांडून गेला होता.